पवनारचा राजा आणि अक्कदचे गाव

प्रवासात शेजारी बसलेला माणूस गप्पांच्या ओघात विचारतो, "आपण कुठले?" आम्ही सांगतो, "वर्धा जिल्ह्यातले." मग आमचे नाव विचारले जाते. ते ऐकल्यावर तोच माणूस जरा थांबून पुन्हा विचारतो, "तसे नव्हे, मूळचे कुठले?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते. आम्हीही वाईट वाटून घेत नाही. पण आमच्या पहिल्या उत्तरात काय कमी पडले, हा विचार घरी पोहोचेपर्यंत सोबत राहतो.

या एका प्रश्नाचा नाद लागून आम्ही इतिहासाची पाने चाळू लागलो, तेव्हा एक गंमत लक्षात आली. ज्यांच्या नावाने इतिहासात एकेक कालखंड ओळखला जातो, अशा मोठमोठ्या राज्यांनाही अभ्यासकांनी हाच प्रश्न विचारला आहे. तुमचे नाव कुठून आले? तुम्ही मूळचे कुठले? आणि त्या राज्यांनाही याचे धड उत्तर देता आलेले नाही. त्यांपैकी एक राज्य आमच्या घराजवळचे, वाकाटकांचे. दुसरे दूर इराकातले, अक्कदचे. दोघांत काळाचे अंतर अडीच हजार वर्षांहून अधिक, आणि एकाला दुसऱ्याची वार्ताही नव्हती. तरी नावाच्या बाबतीत दोघांची कहाणी सारखी आहे. ती वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेख.

*

वर्धेहून नागपूरच्या रस्त्याला लागले की आठ-दहा किलोमीटरवर धाम नदी लागते. नदीकाठी पवनार. आज हे गाव विनोबांच्या आश्रमामुळे ओळखले जाते. विनोबा १९३८ साली इथे राहायला आले. आश्रमाच्या परिसरात जमीन खणताना जुन्या मूर्ती आणि शिल्पपट निघाले. त्यांतले राम-भरत भेटीचे म्हणून ओळखले जाणारे शिल्प विनोबांनी आश्रमात जपून ठेवले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या शिल्पांत रामायणातले प्रसंग ओळखले आणि त्यांचा संबंध वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्याशी जोडला.

हा प्रवरसेन पाचव्या शतकातला. त्याची आई प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा, दुसरा रुद्रसेन, लवकर वारला. मुले लहान. तेव्हा या बाईने अनेक वर्षे स्वतः राज्यकारभार पाहिला आणि आपल्या नावाने ताम्रपट दिले. मुलगा गादीवर बसला तेव्हा राजधानी नंदिवर्धन येथे होती. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन. पुढे प्रवरसेनाने नवी राजधानी वसवली आणि तिला आपलेच नाव दिले, प्रवरपूर. त्याच्या सुरुवातीच्या ताम्रपटांवर नंदिवर्धनाचे नाव आहे, नंतरच्यांवर प्रवरपुराचे. मिराशींनी सांगितले की हे प्रवरपूर बोलण्यात झिजत झिजत पवनार झाले. १९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी पवनारला उत्खनन केले आणि गावाच्या पोटात जुन्या वस्तीचे थर असल्याचे दिसून आले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. १९९८पासून रामटेकजवळ मनसर येथे उत्खनन झाले, तिथे वाकाटक काळातल्या मोठ्या वास्तू निघाल्या, आणि प्रवरपूर म्हणजे मनसरच असे काही अभ्यासक मानू लागले. वाद अजून मिटलेला नाही. आम्ही पवनारच्या बाजूचे, हे उघडच आहे. पण पुरावा जिकडे जाईल तिकडे गेले पाहिजे.

या वादात न पडताही पवनारच्या लोकांपाशी एक जुनी कथा आहे. इथे पवन नावाचा राजा होता. त्याच्यापाशी परीस होता. रयत शेतसारा म्हणून नांगराचे लोखंडी फाळ आणून देई आणि राजा परिसाच्या स्पर्शाने त्यांचे सोने करी. पवन राजाचे गाव म्हणून पवनार, असे जुने लोक सांगत आले. पवन नावाच्या राजाला इतिहासात आधार नाही. पण मिराशींचे म्हणणे खरे धरले तर काय झाले ते पाहा. राजाने गावाला आपले नाव दिले. पुढे लोक राजाला विसरले, त्याचे ताम्रपट जमिनीत गेले, लिपी वाचणारे उरले नाहीत. गावाचे नाव तेवढे तोंडी राहिले, तेही झिजलेले. मग त्या झिजलेल्या नावातून लोकांनी नवा राजा घडवला. या गावाच्या नावात एक राजा दडलेला आहे, एवढे मात्र दीड हजार वर्षे कोणी विसरले नाही.

अशी झिजलेली नावे आमच्या भागात पावलोपावली आहेत. वत्सगुल्माचे वाशीम झाले, चर्मांकाचे चम्मक. वर्धा जिल्ह्यातच जांब येथे प्रवरसेनाचा एक ताम्रपट सापडला. त्यात दान दिलेल्या गावाच्या चतुःसीमा लिहिल्या आहेत. त्यांतली उमा नदी म्हणजे आपली वणा आणि मंडुकीग्राम म्हणजे वणेकाठचे मांडगाव, असे मिराशींनी दाखवून दिले. आजही शेताच्या खरेदीखतात पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक असेच लिहिले जाते. मांडगावच्या आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला हे सांगितले तर ती हसेल. पण पंधराशे वर्षांपूर्वीच्या सरकारी कागदावरचे नाव ती रोज उच्चारते आहे.

*

आता खुद्द वाकाटक या नावाकडे येऊ. गावाला राजाचे नाव मिळाले, पण राजाच्या घराण्याला हे नाव कुठून मिळाले?

ताम्रपटांत राजे स्वतःला 'वाकाटकांचे महाराज' म्हणवतात. गोत्र विष्णुवृद्ध, म्हणजे घराणे ब्राह्मण. मूळ पुरुष विंध्यशक्ती, काळ सुमारे इ. स. २५०. त्याचा मुलगा पहिला प्रवरसेन, याने चार अश्वमेध केले आणि सम्राट ही पदवी घेतली. एवढे सारे सांगणारे हे राजे 'वाकाटक' म्हणजे काय, ते मात्र कुठेच सांगत नाहीत. शब्दाच्या घडणीवरून 'वाकाट' नावाचे एखादे गाव किंवा 'वकाट' नावाचा एखादा पूर्वज असावा, असा तर्क करता येतो. असे गाव खात्रीने कोणालाच दाखवता आलेले नाही.

काशीप्रसाद जायसवाल यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात बुंदेलखंडातल्या ओरछा संस्थानातले बागाट हे खेडे पुढे केले. नाव जुळते आणि विंध्यशक्ती या नावात विंध्य पर्वतही आहे, तेव्हा घराणे उत्तरेचे, असा त्यांचा युक्तिवाद. मिराशींना तो पटला नाही. त्यांनी दक्षिणेकडे बोट दाखवले. आंध्रातल्या अमरावतीला बौद्ध स्तूप आहे. वाचकांनी वऱ्हाडातली अमरावती समजू नये, ही कृष्णाकाठची. तिथल्या एका भग्न खांबावर वाकाटक नावाच्या गृहपतीचा उल्लेख आहे. तो आपल्या दोन पत्नींसह तिथे आला होता. लेख साधारण तिसऱ्या शतकातला. १९३९ साली वाशीमला सापडलेल्या ताम्रपटातल्या पदव्याही दक्षिणेतल्या राजांच्या पदव्यांशी जुळतात. म्हणजे राजघराण्याच्या नावाचा सर्वांत जुना मानलेला उल्लेख कोणा राजाचा नाही. बायकांना घेऊन यात्रेला आलेल्या एका साध्या प्रपंची माणसाचा आहे!

याहून मोठी गंमत पुराणांत आहे. विष्णुपुराणात भविष्यकाळातल्या राजांची यादी येते. तिच्यात कैलकिल नावाचे यवन राजे होतील आणि विंध्यशक्ती त्यांचा प्रमुख असेल, असा मजकूर आहे. अश्वमेध करणाऱ्या ब्राह्मण घराण्याच्या मूळ पुरुषाची गणना यवनांत! अभ्यासकांनी हे शब्दशः खरे मानलेले नाही, आणि आमचाही तसा आग्रह नाही. आम्हाला त्यातून एवढेच दिसले की ज्याचे मूळ नेमके ठाऊक नाही त्याला परका ठरवून मोकळे व्हावे, ही सवय जुनी आहे. तिच्यातून सम्राटाचा बापही सुटला नाही.

वाकाटक उत्तरेचे की दक्षिणेचे, हे आजही ठरलेले नाही. पण ते विदर्भाचे होते की नाही, असा प्रश्न कोणी विचारत नाही. या मातीत त्यांनी राजधान्या वसवल्या, याच प्रदेशाच्या प्राकृतात प्रवरसेनाच्या नावावर असलेले 'सेतुबंध' काव्य रचले गेले, हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची लेणी कोरली गेली. मूळ गाव न सापडल्याने यातले काही कमी झालेले नाही.

*

हीच कथा फार पूर्वी दजला आणि फुरात या नद्यांच्या दुआबात घडून गेली होती. ज्या बाबिल शहराचे नाव कुरआन शरीफमध्ये येते, त्याच मुलखात बाबिल मोठे होण्याच्या कितीतरी आधी अक्कदचे राज्य उभे राहिले. काळ सुमारे इ. स. पू. २३३४. राजाचे नाव सारगोन, त्याच्या भाषेत शर्रु-किन, म्हणजे 'खरा राजा', 'रीतसर राजा'. दक्षिणेकडच्या सुमेर देशातली नगरराज्ये एकामागून एक जिंकून त्याने सारा मुलूख एका छत्राखाली आणला. जगातल्या पहिल्या साम्राज्यांत या राज्याची गणना होते.

स्वतःला 'खरा राजा' म्हणवणाऱ्या या माणसाची दंतकथा मात्र वेगळेच सांगते. बाप कोण ते ठाऊक नाही. आईने गुपचूप जन्म दिला, बोरूच्या टोपलीला डांबर लावून बाळाला तिच्यात ठेवले आणि नदीत सोडून दिले. अक्की नावाच्या पाणी भरणाऱ्याने, आपल्याकडच्या भाषेत एखाद्या भिश्त्याने, त्याला वर काढून वाढवले. वाचकांना हजरत मूसा अलैहिस्सलाम यांची पेटी आठवेल, महाभारत वाचलेल्यांना कर्ण आठवेल. ही दंतकथा सारगोननंतर दीड हजार वर्षांनी लिहिलेल्या विटांवर मिळाली आहे. तेव्हा तिला इतिहास म्हणता येत नाही. पण लोकांनी आपल्या सर्वांत मोठ्या राजाला मूळ नसलेला म्हणून आठवणीत ठेवले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता नावाचे पाहू. राज्याला अक्कद हे नाव राजधानीवरून मिळाले. शहराचे नाव अगादे किंवा अक्कद. शहरावरून देशाला, देशावरून लोकांना आणि लोकांवरून त्यांच्या भाषेला अक्कदी म्हणू लागले. पाणक्याचे नाव अक्की, म्हणून गाव अक्कद, असे म्हणण्याचा मोह होईल. तो पवन राजासारखाच मोह आहे. सारगोनच्या आधीच्या एन्शाकुशान्ना या राजाच्या नोंदीत अक्कदचे नाव आलेले आहे. म्हणजे गाव सारगोनने वसवलेले नाही, ते आधीपासून होते. आणि त्या नावाची घडण अक्कदी भाषेतलीही वाटत नाही, सुमेरीतलीही नाही. त्याही आधी तिथे राहून गेलेल्या, आज अनाम असलेल्या कोणा लोकांनी ते ठेवले असावे, असे अभ्यासक मानतात. ज्या भाषेला अक्कदी म्हणतात, तिचे स्वतःचे नावच उसने आहे!

त्याहून विशेष म्हणजे हे शहर आजवर सापडलेले नाही. बगदादच्या आसपास, दजलेच्या काठी कुठेतरी असावे, एवढाच अंदाज आहे. राज्य सुमारे १८० वर्षे टिकले आणि इ. स. पू. २१५४च्या सुमारास बुडाले. नाव मात्र राहिले. पुढचे राजे स्वतःला 'सुमेर आणि अक्कदचा राजा' म्हणवून घेत राहिले. इ. स. पू. ५३९मध्ये बाबिल जिंकणाऱ्या इराणच्या कुरुष बादशहानेही हीच पदवी लावली. राज्य संपून सोळाशे वर्षे झाली होती, तरी परक्या विजेत्यालाही त्या नावाचा आधार घ्यावासा वाटला.

*

अक्कदी भाषा मातीच्या विटांवर बाणाच्या टोकासारख्या खुणांनी लिहीत. ती पुढे मेली आणि जवळजवळ दोन हजार वर्षे कोणाला वाचता येत नव्हती. ती वाचणाऱ्यांतला एक, हेन्री रॉलिन्सन, १८२७ साली कंपनीच्या फौजेत भरती होऊन मुंबईत उतरला होता. १८५७ साली चार अभ्यासकांनी एकच लेख वेगवेगळा वाचला, अर्थ जुळले, आणि भाषा उलगडल्याचे मान्य झाले. तेव्हा दिसले की ही भाषा अरबीची नातलग आहे. सूर्याला अरबीत शम्स, अक्कदीत शम्शु. घराला बैत, तिकडे बीतु. जिभेला लिसान, तिकडे लिशानु. कबरीला कब्रु. मेलेल्याला मीतु, अरबीत मय्यित.

यातला शेवटचा शब्द मराठी माणसाला परका नाही. वारसाच्या नोंदीसाठी तलाठ्याकडे गेलेला कोणीही 'मयताचे वारस' असे लिहून देतो. काही शब्द तर नुसते नातलग नाहीत, थेट अक्कदीतून हातोहात प्रवास करत आले आहेत. अक्कदीत सामान्य, बेताच्या दर्जाच्या माणसाला मुश्केनु म्हणत. तो शब्द आरामीतून अरबीत मिस्कीन झाला, फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठीत गरीब, दीनवाणा या अर्थाने राहिला. दुभाष्याला तर्गुमन्नु म्हणत, त्या घराण्यातला शब्द म्हणजे आपला तर्जुमा. सारगोनची राजधानी सापडत नाही. त्याच्या भाषेतला गरीब माणूस मात्र मराठीत अजून नांदतो आहे.

सारगोनने आपल्या लेखात अभिमानाने सांगितले आहे की अक्कदच्या धक्क्याला मेलुह्हाची जहाजे लागतात. मेलुह्हा म्हणजे सिंधूकाठचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्या काळातली एक मुद्रा आहे. ती शू-इलिशू नावाच्या माणसाची, आणि त्याचा पेशा, मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषा. चार हजार वर्षांपूर्वी आपल्या बाजूची भाषा शिकून पोट भरणारा एक माणूस इराकात होता. त्याला कोणी मूळचा कुठला म्हणून विचारले असेल काय?

*

पुन्हा वर्धेकडे येऊ. नावाच्या मुळाचा शोध फारसीतही झाला आहे, हे आमच्या वाचकांना सांगितले पाहिजे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजल याने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना सुरुवातच नावापासून केली. त्याच्या मते या मुलखाचे मूळ नाव वरदातट. वरदा म्हणजे वर्धा नदी आणि तट म्हणजे काठ. ही व्युत्पत्ती सर्वांनी मान्य केलेली नाही. पण फारसीत लिहिणाऱ्या माणसाने आमच्या नदीच्या नावाची संस्कृत फोड करावी, याचे कौतुक वाटते. त्याच ग्रंथात सुभ्याच्या सरकारांच्या, म्हणजे त्या वेळच्या जिल्ह्यांच्या, यादीत पवनार आहे आणि वाशीमही आहे. वाकाटकांच्या दोन्ही शाखांच्या या जागा हजार वर्षांनंतरही आपापल्या जागी होत्या. त्याच अकबराच्या काळात रामदास नावाच्या राजपूत सरदाराने प्रवरसेनाच्या 'सेतुबंधा'वर 'रामसेतुप्रदीप' ही टीका लिहिली.

पुढे जहांगीराने आष्टी, आमनेर, पवनार आणि तळेगाव हे परगणे मुहम्मद खान नियाझी या अफगाण सरदाराला दिले. त्याची आणि १६५१मध्ये वारलेल्या अहमद खानाची कबर आष्टीला आहे. आले तेव्हा ते अफगाण होते. आज त्यांचे घुमट आष्टीचे म्हणून ओळखले जातात. आणि ज्या पवनारला एकेकाळी ब्राह्मी वळणाच्या पेटिकाशीर्षक लिपीत ताम्रपट कोरले गेले, त्याच गावाला आपले ठिकाण करून राहिलेल्या विनोबांनी अरबी शिकून कुरआनाचा अभ्यास केला. निवडक आयतींचा त्यांचा संग्रह १९६२ साली प्रसिद्ध झाला. एका नदीच्या काठी किती भाषा येऊन गेल्या, याचा हा हिशेब.

आमचा वर्धा जिल्हा तसा वयाने लहान. १८६२ साली तो नागपुरातून वेगळा काढला. १८६६ साली मुख्य ठिकाणासाठी पालकवाडी या खेड्याच्या जागेवर नवे शहर आखले आणि त्याला नदीचे नाव दिले. वर्धा शहर नदीकाठी नाही, तरी नाव नदीचे. पालकवाडी हे नाव शहराखाली गेले. वर्धेत जन्मलेल्या कोणालाही 'मूळचे पालकवाडीचे का?' असे कोणी विचारत नाही.

अक्कदचे नाव अनाम लोकांकडून आले, वाकाटकांचे हरवलेल्या एखाद्या गावाकडून किंवा यात्रेला निघालेल्या गृहपतीकडून, पवनारचे एका विसरलेल्या राजाकडून, वर्ध्याचे दूरून वाहणाऱ्या नदीकडून. मूळ शोधत गेले की प्रत्येक वेळी आणखी एक मूळ निघते आणि शेवटी हाती माती लागते. पण त्या मातीत कोण राहिले, कोणी कसले, कोणी पुरले गेले आणि रोजच्या बोलण्यात कोणी ते नाव जिवंत ठेवले, याचे उत्तर मिळते. आम्हाला ते उत्तर पुरेसे वाटते.

प्रवासात आता कोणी "मूळचे कुठले?" म्हणून विचारले की आम्ही सांगतो, "पवनारच्या बाजूचे." आणि विचारणाऱ्याला वेळ असेल तर परीस बाळगणाऱ्या राजाची गोष्ट ऐकवतो. वाटेतला वेळ चांगला जातो.